बाराव्या स्थानाचं चित्र

ड्रेसर अंकलना देखणा येशू सहन होत नसे. क्रुसावरचा ख्रिस्त गोरापान, गुळगुळीत आणि जेमतेम दोन थेंब रक्ताचा दिसला की ते भडकायचे. "ह्याला दुखतंय कुठं? आत्ताच आंघोळ करून आलाय!"

अंकल आमच्या वसईचे. अल खोरला एका कंपनीच्या दवाखान्यात जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे, म्हणून ड्रेसर. तेव्हा कतारमध्ये चर्च नव्हतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी अल नस्रमधल्या आमच्या फ्लॅटात क्रुसाची वाट व्हायची, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीतल्या एकेका टप्प्यापाशी थांबत करायची प्रार्थना. हॉलच्या भिंतीवर चौदा स्थानांची चौदा चित्रं चिकटवायची आणि प्रार्थना झाली की काढून ठेवायची. बहुतेक सगळ्या जुन्या इटालियन चित्रांच्या रंगीत झेरॉक्स. येशूच्या मरणाचं, बारावं, तेवढं अंकलनी आणलेलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणा जर्मन चित्रकाराचं. हिरवट पडलेलं अंग, त्यात रुतलेले काटे, ओठ काळेनिळे.

प्रत्येक चित्र ते जखम तपासावी तसं तपासायचे. "तळव्यात खिळा मारल्यावर बोटं अशी सरळ राहतात होय? मी रोज हात बघतो." त्या जर्मन चित्रापाशी मात्र आवाज उतरायचा. "हे इस्पितळासाठी काढलेलं, बाबा. अंग सडलेले पेशंट ह्याच्यासमोर यायचे. त्यांना वाटायचं, हा आपल्यातला."

पोरं घाबरतात, अशी बायकांची तक्रार आली. त्यात माझीही बायको. मी अंकलना न विचारता ते चित्र काढलं आणि एक सुबक इटालियन लावलं. घर माझं, भिंत माझी, अक्कलही माझीच!

नेमके त्याच शुक्रवारी अंकल एका तमिळ वेल्डरला प्रार्थनेला घेऊन आले. हात कोपरापर्यंत भाजलेला, पट्टीतून पू आलेला. खिडक्या बंद, एसी चालू, वास हॉलभर पसरला. कुणीतरी नाकाला रुमाल लावला. मी पुढे झालो आणि अगदी गोड आवाजात म्हणालो, "आप अंदर किचन में बैठिए, आराम से."

अंकलनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चित्र काढलंस, ते समजतो. पोरं लहान आहेत. आता माणूसही काढतोस?" वेल्डरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चलो भाई."

त्यानंतर ते आमच्याकडे कधी आले नाहीत. करार संपवून वसईला परतले, तेही मला दुसऱ्याकडून कळलं.

आज माझी मलाच चीड येते ती त्या दुपारची. त्यांची पावलं जिन्यावर वाजत होती, एक हाक पुरली असती. मी दार लावलं, पडदा नीट केला, प्रार्थना सुरू केली, आणि बाराव्या स्थानापाशी सगळ्यांच्या आधी गुडघे टेकले.