आबांची कॅसेट आणि माझी श्रद्धांजली

माझ्या सासऱ्यांना मी एका मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मारलं. त्या वेळी ते आपल्या गावी, खर्ड्याला, चहात खारी बुडवून खात होते.

त्याला कारण माझा छंद. रोज सकाळी मी नातेवाइकांच्या ग्रुपवर 'आजच्या दिवशी संगीतात' टाकतो. कोणत्या गायिकेचा आज जन्म झाला, कुठल्या संगीतकाराचं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं, कोणता तबलजी आपल्याला सोडून गेला... जुन्या कात्रणांतून सगळं जमवतो. (श्रीरामपुरात शाळेत कारकून आहे, वेळ काढता येतो.) हे कुणी वाचत नाही, अशी माझी समजूत होती. बायकोनं, म्हणजे सुनंदानं, तर माझ्याच त्रासापायी ग्रुप म्यूट केलेला!

त्या दिवशी मात्र बेत खास होता. माझे सासरे, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या बँडची एकुलती एक कॅसेट निघाली ती बरोबर याच तारखेला. म्हटलं, मोठमोठ्यांच्या रांगेत आबांना बसवू. आमच्या लग्नात मी त्यांच्या क्लॅरिनेटला 'सनई झकास वाजवता' म्हणालो होतो. तेव्हापासून ते माझ्याशी मोजकंच बोलत. आता सगळं भरून निघेल!

आदल्या दिवशीचा मजकूर उचलला, नाव बदललं, कॅसेटची तारीख घातली, फोटोच्या जागी आबांचा फोटो चिकटवला आणि पाठवून दिलं. आदल्या दिवशी एका गायकाची पुण्यतिथी होती. फोटोभोवतीचा हार, बाजूची समई आणि 'त्यांच्या जाण्याने झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही' ही शेवटची ओळ तशीच राहिली, हे मला दिसलं नाही. शाळेत परीक्षा होती. मोबाईल बंद करून कपाटात ठेवला.

अकरा वाजता शाळेच्या फोनवर सुनंदा.

"अहो, आबा गेले!"

"कुठं?"

(या एका शब्दाबद्दल मला अजून ऐकवलं जातं.)

सुप्याच्या कारखान्यात असलेल्या तिच्या भावानं, दत्तानं, रडत तिला फोन केला होता. आबांना लावलेला फोन कुणी उचलत नव्हतं; त्यांचा मोबाईल नेहमीप्रमाणे घरातल्या फळीवर वाजत होता. शेजाऱ्यांची गाडी ड्रायव्हरसकट घेऊन आम्ही निघालो. सुनंदा हुंदके देत होती, मीही दोनचार दिले. नगर गेल्यावर मोबाईल चालू केला. ग्रुपवर श्रद्धांजल्यांचा पाऊस! 'कलेचा दीप विझला', 'असा वादक होणे नाही'... म्हटलं, ही बातमी पहिल्यांदा दिली कुणी? बोटानं वर सरकवत गेलो. आणि सगळ्यात वर मी होतो.

घाईघाईनं पोस्ट पुसायला गेलो, तर ती फक्त माझ्याच मोबाईलवरून पुसली गेली. म्हणजे आता सगळ्या जगाला दिसत होती, मला सोडून!

"सुनंदा," मी म्हणालो, "समजा, आबा गेलेच नसतील तर?"

"डोकं फिरलंय का तुमचं? दत्ता काय खोटं रडतोय?"

लाज वाटते सांगायला, पण जामखेडपर्यंत मी खरं सांगितलंच नाही. शेजारी बायको बापासाठी रडतेय आणि मी तिला पाण्याची बाटली देतोय! एकदा तर मनात आलं, आबा खरोखरच गेले असते तर मी निदान खोटा तरी पडलो नसतो. असला विचार करणाऱ्या माणसाला पोरगी दिली होती बिचाऱ्यांनी.

जामखेड सोडल्यावर हिंमत केली आणि सांगून टाकलं. सुनंदाचं रडणं थांबलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की ती रडत होती तेच बरं होतं.

खर्ड्यात पोचलो तर दारात ही गर्दी! बँडचे म्हातारे सोबती जुने लाल कोट चढवून शोकाची धून वाजवत होते. दत्ता खांबाला धरून उभा होता. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, आबांचा सदरा मुठीत घट्ट धरून.

"मामी," मी म्हणालो, "आबा सकाळी कुठं गेले?"

"जामखेडला. कवळी बसवाया. मीच डबा दिला की. पन जावईबापूंनी लिव्हलंय म्हनल्यावर... तुमी शिकल्याली मानसं, तुमी कशाला खोटं लिव्हाल?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. त्यांच्यापुढं खाली बसलो, हात जोडले, "मामी, माझ्याकडून चुकलं," एवढंच बोलता आलं. त्यांना ते कळायच्या आतच गर्दीमागून आवाज आला.

"आरं, थांबवा! क्लॅरिनेट लई बेसूर वाजतंय. कोन गेलंय?"

नव्याकोऱ्या कवळीनिशी आबा एसटीतून उतरून आले होते. बँड थांबला. दत्ता म्हणाला, "आबा, तुमीच."

आबांनी माझा पराक्रम सगळा ऐकून घेतला. मग सासूबाईंकडं गेले, त्यांच्या मुठीतला सदरा हळूच सोडवला. "अगं, हाय मी," म्हणाले. त्या मोठ्यांदा रडल्या. मी दाराआड उभा राहून चपला सरळ करत राहिलो. दुसरं काय करणार?

जरा वेळानं आबा माझ्याकडं वळले. मी मान खाली घातली.

"पावनं, कॅसेटची तारीख बरोबर लिव्हली व्हय?"

"हो आबा."

"मग ठीक हाय. बाकीचं खोडा."

त्यांनी माफ केलं. सुनंदानं नाही, ग्रुपमधून तिनं मला त्याच दिवशी काढलं. पण खर्ड्यात माझं नाव झालं आहे. हल्ली तिथं कुणी वारल्याची बातमी आली, की लोक आधी आबांना विचारतात, "तुमच्या जावयानं लिव्हलंय का? मंग जित्ता आसंल!"