कोपरावरची टकटक

मरीन परेडच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, टेबलं पुसणारी एक चिनी बाई होती. आम्ही दोघी एकमेकींना आंटीच म्हणायचो. फडकं माझ्यापाशी आलं की ती बोटाने माझ्या कोपरावर टकटक करायची आणि मी मुकाट हात उचलायचे.

तेव्हा मी बेचाळिशीची, बँक सोडून पदवीधरांच्या नर्सिंग कोर्सच्या मुलाखतीला निघालेली. ‘मानवसेवा हेच माझं ध्येय’ असलं पाठ केलेलं इंग्रजी भाषण रोज कॉफीच्या कपाला ऐकवायचे. ध्यान होते नुसतं.

एकदा ती म्हणाली, “आंटी, हे पुस्तकातलं. खरं कशाला जायचं?”

“सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी कूस बदलून दिली की शांत झोपायच्या. असं समाधान बँकेत वीस वर्षांत नाही मिळालं.”

“मग दिस वन से, लाह.” म्हणजे हेच सांग; ‘लाह’ हे तिथल्या इंग्रजीचं शेपूट.

मुलाखतीत तेच सांगितलं आणि निवड झाली. पत्र तिच्या टेबलावर पसरलं, तर म्हणाली, “ऑफ कोर्स, लाह,” आणि कोपरावर टकटक.

पुढे वॉर्डात अंग पुसताना मीही पेशंटच्या कोपरावर तशीच टकटक करायचे. भल्याभल्या हट्टी म्हाताऱ्यांनी मुकाट हात उचलले.