'होईल' म्हणायला शिकलेले डॉक्टर

डॉक्टर देवघरकर वाईट बातमी कधी उभ्याने सांगत नसत. आधी हात धुवायचे, पंचाला पुसायचे, मग खुर्ची सोडून पेशंटच्या माणसासमोर स्टुलावर येऊन बसायचे. म्हसळ्याच्या त्यांच्या दवाखान्यात ते स्टुलाकडे निघाले की बाकावरची कुजबुज थांबायची.

त्या स्टुलासमोर मी पहिल्यांदा बसलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. माझे वडील दिवेआगरला लोकांच्या वाड्यांत माडावर चढून नारळ उतरवायचे. त्यांच्या पोटात पाणी झालं होतं. डॉक्टर समोर बसले आणि म्हणाले, "काशिनाथ, यांना मुंबईला नेऊ नकोस. घरी ने. मागेल ते खायला घाल आणि जवळ बस." मी तेव्हा सुपारीच्या धंद्यात नुकता शिरलो होतो, पण घासाघीस अंगात होती. म्हणालो, "डॉक्टर, दुसरं कायतरी असंल. भारीतलं औषध?" ते म्हणाले, "हा बाजार नाही. माझ्याकडे एकच भाव असतो." मला संताप आला. तरी मी वडिलांना घरी नेलं. ते तीन आठवडे जगले, आमच्याशी बोलत गेले. तेव्हापासून त्या माणसाचा शब्द मी कधी तपासला नाही. धंद्यात मी सख्ख्या भावाचाही तपासतो.

डॉक्टरांच्या वर्षश्राद्धाला पुस्तिका निघणार आहे. कार्यकर्ते मजकूर मागायला आले होते. त्यांना 'लोकनेता' आणि 'आधारवड' असले शब्द हवे आहेत. माझ्याकडे ते नाहीत. एवढं लिहायचाही खरं तर कंटाळा आला आहे.

डॉक्टरांना निवडणुकीला उभं केलं ते आम्हीच. एक बाळंतीण गाडीची वाट बघत रस्त्यावरच दगावली. तिसऱ्या दिवशी आम्ही आठ-दहा जण त्यांच्याकडे गेलो. मी म्हणालो, "डॉक्टर, अॅम्ब्युलन्स तुमच्या गोळ्यांनी येणार न्हाय. जिल्हा परिषदेत बसा, तिथून ओढून आणा." ते म्हणाले, "मला भाषण येत नाही." मी म्हणालो, "ते आम्ही बघतो."

भाषण खरंच येत नव्हतं. पहिल्याच सभेत एका बाईने विचारलं, "आमच्या वाडीला नळाचं पानी कधी येल?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "येणार नाही. वरच्या तळ्यातच पाणी नाही, नळाला कुठून येईल?" सभा गार पडली. परतताना जीपमध्ये मी त्यांना झापलं. तेव्हा माझी तेवढी हिंमत होती.

"डॉक्टर, 'नाही' म्हणायचं न्हाय."

"मग काय म्हणायचं?"

"होईल म्हणायचं. मी गिऱ्हाइकाला पहिल्या दमात कधी नाही म्हणतो का?"

"हे खोटं आहे, काशिनाथ."

"खोटं कसलं? माणूस जरा धरून ठेवायचा. ते पेशंट न्हायत, मतदार हायत."

पुढच्या सभेत त्यांनी 'होईल' म्हटलं. तोंडातून शब्द चिंचेच्या चिंचोक्यासारखा बाहेर काढला, पण काढला. टाळ्या पडल्या. मी वाडीवाडीत फिरून मतं पक्की केली आणि डॉक्टर निवडून आले.

त्यांनी कामं केली नाहीत असं मी म्हणणार नाही. अॅम्ब्युलन्स आली. आरोग्य केंद्राला इमारत मिळाली, पुढे काही वर्षांनी डॉक्टरही मिळाला. वादळात आमच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा सभापती झालेला हा माणूस शाळेच्या बाकावर बसून आठवडाभर लोकांचे फाटलेले हातपाय शिवत होता. पडलेल्या पोफळींवरून वाट काढत मी त्यांना पाणी द्यायला गेलो, तर सुई न थांबवता म्हणाले, "इथे बरं वाटतंय रे. इथे कोणी निवेदन आणत नाही."

पण ते आठ दिवस सोडले तर दवाखाना संपला होता. सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस उघडायचे, मग एक, मग बंदच. त्याच खोलीचं संपर्क कार्यालय झालं. लोक त्यांना 'साहेब' म्हणू लागले. मी 'डॉक्टर'च म्हणायचो. 'होईल' मात्र आता त्यांच्या तोंडात चांगलं रुळलं होतं. बदली, दाखला, ओढ्यावरचा साकव, काहीही मागा, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणायचे, "होईल." काही व्हायचं, बरंच व्हायचं नाही. मी मनात हसायचो. शिष्य तयार झाला म्हणायचो.

मग माझी बायको सुमन आजारी पडली. अन्न जाईना, डोळे पिवळे झाले. अलिबागला मोठा फोटो काढला आणि तो पाकिटात घालून मी थेट म्हसळ्याला गेलो. कार्यालयात चाळीसेक माणसं होती. डॉक्टरांनी मला पुढे बोलावलं, फिल्म खिडकीकडे धरली, बराच वेळ बघितली. पुन्हा नीट पाकिटात घातली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होईल. बरं होईल. मुंबईला माझ्या ओळखीचे आहेत, फोन करतो."

ते उभेच होते. माझ्या ध्यानात आलं नाही.

फोन त्यांनी केला, हेही खरं. चार महिने मी तिला एका रुग्णालयातून दुसऱ्यात फिरवलं. सुमन रोज म्हणायची, "मला घरी न्या वो. सुपारी सोलायला बायका आल्या असतील, त्यांच्यात नुसती बसन." मी तिच्यावर ओरडायचो, "डॉक्टर बरं होईल म्हणालेत. तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का?" शेवटी शेवटी तिने म्हणणं सोडून दिलं. ती तिथेच वॉर्डात गेली. कागद देताना तिथला एक तरुण डॉक्टर म्हणाला, "काका, हे पहिल्या फोटोतच दिसत होतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

देवघरकर बाराव्याला आले तेव्हा मी मागच्या दाराने वाडीत निघून गेलो. पुढच्या वर्षी ते विधानसभेला उभे राहिले. मी ज्या वाड्यांतली मतं एकेकाळी बांधली होती तीच फिरून सोडवली. ते पडले. माझ्यामुळेच पडले असं नाही, पण मी कसर ठेवली नाही. निकाल ऐकला आणि जेवून झोपलो. आनंद झाला असता तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचा, मृणालचा, फोन आला. "बाबा पनवेलला अॅडमिट आहेत. तुम्हाला बोलवतायत." मी जाणार नव्हतो. मग वाटलं, भांडण अर्धवट राहिलंय, ते तरी उरकावं.

खोलीत चार कार्यकर्ते होते. एक जण म्हणत होता, "साहेब, आठ दिवसांत फिट व्हाल. मेळाव्याची तारीख तुम्हाला विचारूनच ठरवणार." डॉक्टरांनी हाताने सगळ्यांना बाहेर घालवलं. मृणाल तेवढी थांबली.

मी बसलो नाही. विचारलं, "सुमनचा फोटो बघितलात तेव्हा कळलं होतं?"

"हो. बघताक्षणी."

"मग?"

"सकाळपासून चाळीस जणांना होईल म्हणत होतो. तुलाही म्हणालो."

"मी तुमचा पेशंट होतो, डॉक्टर."

"होतास."

एवढंच. मी आणखी थांबलो. ते म्हणतील, हे मला तूच शिकवलंस, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्यावर काय सुनवायचं तेही तयार होतं. ते काही म्हणाले नाहीत. सबब नाही, माफी नाही. मी भांडायला गेलो होतो आणि समोरून ओढायला दुसरं टोकच नव्हतं.

मग तेच म्हणाले, "माझे रिपोर्ट मला दाखवत नाहीत. हिला विचारलं की रडते. बाहेरचे सगळे तारखा ठरवतात. तू सांग, कसा दिसतोय मी?"

"मी सुपारीवाला. मला काय कळतंय."

"उभ्या झाडाकडे बघून तू सांगतोस, यंदा धरेल की नाही. बघ की."

मी बघितलं. पावलं सुजून चकाकत होती. डोळ्यांत मी आधी एकदा बघितलेला पिवळा रंग होता. स्टूल खाटेखाली होतं. ते ओढलं आणि त्यांच्या समोर बसलो.

"डॉक्टर, हे आता न्हाय होणार. घरी चला."

मृणाल म्हणाली, "काका, काय बोलताय तुम्ही?" त्यांनी तिचा हात धरला आणि मला विचारलं, "किती?"

"पंधरा दिवस. जास्त न्हाय."

"माझा अंदाजही तोच होता," ते म्हणाले. त्यांचा चेहरा सैल पडला. मग मुलीला म्हणाले, "कपडे भर."

दुपारीच ते म्हसळ्याला निघाले. घरी ते अकरा दिवस होते. ओट्यावर आरामखुर्ची टाकून बसायचे. मृणाल शेजारी असायची. जुने पेशंट येऊन बसायचे, कोणी पेज आणायचं, कोणी नुसतं बघून जायचं. कार्यकर्त्यांना तिने फाटकातूनच परत पाठवलं. मी एकदा गेलो. आम्ही तासभर बसलो आणि पावसाबद्दल बोललो. निघताना ते म्हणाले, "खूप दिवसांनी झोप लागतेय."

लोक म्हणतात, काशिनाथने मन मोठं केलं. तसं काही नाही. माझा राग अजून आहे तिथेच आहे. त्यांना मी अकरा दिवस घरचे मिळवून दिले. सुमन माझ्याकडे तेवढंच मागत होती, आणि मी तिच्यावर ओरडत होतो.