डावी मांडी, उजवी मांडी

ल्याव यूचेन ठरलेल्या गोष्टींचा माणूस. तैवानातल्या हुवेई गावात, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आहे. सकाळी सातला शटर वर. मग कोपऱ्यावरच्या गाडीवरून मुळ्याच्या परतलेल्या वड्या आणि सोयाबीनचं गरम दूध. बसायला तेच बुटकं लाकडी स्टूल. आणि दर दुसऱ्या रविवारी सकाळी नऊला मागच्या स्वयंपाकघरात टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन, स्वतःच्या हाताने, उजव्या मांडीत, तिळाच्या शेजारी. तीळ सापडला की जागा सापडली. चार वर्षं हेच चाललं होतं.

यूचेन जन्मला तो मुलगी म्हणून. तिशीला आल्यावर त्याने घरात काय ते स्पष्ट सांगून टाकलं, ताइचुंगच्या एका इस्पितळात उपचार सुरू केले आणि सुई कशी घ्यायची ते शिकून आला. आवाज फुटला, मिशी आली, आणि यूचेन हे नावही त्याने स्वतःच निवडलं. आबांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, ना आरडाओरडा केला ना त्याला घराबाहेर काढलं. त्यांनी फक्त नावाने हाक मारणं सोडलं. जुनं नाव घेता येईना, नवं जिभेवर चढेना. मग नुसतं "ए", नाहीतर "ऐक", नाहीतर भिंतीकडे बघून "जेवण तयार आहे." चाळीस वर्षं त्यांनी डुकरं पाळली होती. यूचेनची आई गेल्यावर सगळी विकून ते गॅरेजच्या वरच्या खोलीत राहायला आले. इंजेक्शनच्या वेळी चुकून स्वयंपाकघरात आलेच, तर आल्या पावली परत फिरायचे.

गेल्या मार्चमध्ये यूचेनच्या मांडीत गाठ लागली. चांगली लिचीच्या बीएवढी. स्टुलावर बसलं की कळ यायची, उठलं की पाय ओढावा लागायचा. शेजारच्या हावकाकूंच्या नजरेतून काही सुटत नाही.

"काय रे यूचेन, दुसऱ्यांच्या गाड्या नीट करता करता तुझंच चाक वाकडं झालं की."

"वय झालं, काकू."

"चौतिसाव्या वर्षी? मग मी काय आता ढकलगाडीवर जाऊ?"

आबा बाजूलाच भुईमुगाच्या शेंगा सोलता सोलता यूचेनच्या पायाकडे बघत होते.

त्या रविवारी नऊ वाजता यूचेन हाफपँट वर सरकवून मांडीला स्पिरिट लावत होता. आबा चहाचं पाणी घ्यायला आले, आणि या खेपेला परत फिरले नाहीत.

"गाठ आहे," ते म्हणाले.

"असेल."

"असेल काय, दिसतेय. मागच्या वेळी सुई कुठे मारली?"

"इथेच."

"त्याच्या आधी?"

"इथेच."

"आणि त्याच्या आधी?"

यूचेनने तिळावर बोट ठेवलं. आबांनी किटली खाली ठेवली.

"चार वर्षं एकाच जागी? अरे, मी डुकरांनाही असं केलं नाही कधी."

"आबा, मी डुक्कर नाही."

"असतास तर बरं झालं असतं. माझ्या हाताखाली तरी असतास. सहाशे जनावरं होती, सुई मानेत द्यायची, पण एकाची मान नासू दिली नाही मी. या खेपेला डावीकडे, पुढच्या खेपेला उजवीकडे, आणि टोचून झालं की पाठीवर निळ्या खडूची रेघ. तुझं औषध तेलातलं. तेल सावकाश जिरतं. त्याच भोकात ओतत राहिलं तर जिरणार कुठे?"

यूचेनने मान वर केली. "तेलातलं आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"खोक्यात कागद असतो. वाचता येतं मला," आबा म्हणाले आणि किटली उचलून नळाकडे वळले. खोक्यातले ते कागद यूचेनने आजवर कधी उलगडले नव्हते. तरी ते घड्या मोडून मोडून मऊ झालेले असायचे. असं का, हा विचार त्याच्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा आला.

त्या दिवशीचं इंजेक्शन राहिलं. सोमवारी दोघं ताइचुंगला गेले. यूचेनने नको म्हटलं तरी आबा टोपी घालून बसमध्ये येऊन बसले.

श्वे नावाच्या नर्सबाईंनी गाठ दाबून पाहिली. पू नाही, लाली नाही, अंगात ताप नाही. तिथलं मांस फक्त टणक झालं होतं. "या जागेला तीन महिने सुट्टी," त्या म्हणाल्या आणि पेन घेऊन त्याच्या अंगावरच खुणा करू लागल्या. दोन्ही मांड्यांची बाहेरची बाजू, मधला भाग. दोन्ही कुल्ल्यांची बाजू, कमरेच्या हाडाखाली. "चार जागा झाल्या. त्यांतली ही एक सध्या बंद. बाकीच्या आळीपाळीने. आणि जागा तीच आली, तरी मागच्या टोचणीपासून दोन बोटं सोडून."

"आणि मान?" आबांनी विचारलं.

"माणसाला मानेत देत नाहीत, आजोबा."

"सोपी पडते. कानामागे."

"सोपी पडेल, पण मग तुमचा मुलगा माझ्याकडे येणार नाही, थेट वरच्या मजल्यावर ऑपरेशनला जाईल."

आबांनी गंभीरपणे मान हलवली. मुलगा हा शब्द त्यांनी खोडून काढला नाही.

पुढच्या रविवारी डाव्या मांडीची पाळी होती. यूचेनने सुई डाव्या हातात धरली आणि टोक कुठे टेकवावं ते जमेना.

"मांडी डावी आहे म्हणून हात पण डावा?" दारातून आबा म्हणाले. "उजवा हात काय पूजेला ठेवलायस?"

यूचेनला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच सुई आत गेली. दोन आठवड्यांनी कुल्ल्याची पाळी आली, तेव्हा आबांनी दाढीचा आरसा धरला. "भार दुसऱ्या पायावर टाक. हा पाय सैल सोड. गुडघा वाकव थोडा. घाई करू नको, तेल आहे." यूचेनने दट्ट्या हळूहळू दाबला. दुखलं नाही म्हणावं इतकंच दुखलं.

मग आबांनी खताच्या दुकानातून फुकट मिळालेलं कॅलेंडर गॅरेजच्या भिंतीला लावलं आणि एकाआड एक रविवारी निळ्या पेनाने लिहायला लागले: डावी मांडी, उजवा कुल्ला, डावा कुल्ला. हावकाकू टायरमध्ये हवा भरायला आल्या आणि चष्मा वर करून वाचत उभ्या राहिल्या.

"हे काय, मालिश लावलंय की काय?"

यूचेन एका स्कूटरखाली आडवा पडला होता. त्याने पाना फिरवायचा थांबवला.

"माझ्या मुलाच्या सुईचं आहे," आबा म्हणाले. "त्याच्या लक्षात राहत नाही."

"कसला आजार?"

"आजार नाही. तू रक्तदाबाची गोळी घेतेस ना, तसं औषध आहे. ते घेतलं की तो बरा असतो."

"म्हणून लंगडायचा थांबला होय. मला वाटलं बाईबिई भेटली."

"त्याचं औषध अजून निघालं नाही," आबा म्हणाले. मग खाली वाकून स्कूटरखाली बघत म्हणाले, "यूचेन, बाहेर ये. काकूंना चहा दे."

यूचेन लगेच बाहेर आला नाही. आधीच घट्ट असलेला एक नट त्याने आणखी तीनदा आवळला, बाहीने डोळे पुसले, गालाला ग्रीस फासून घेतलं आणि मग उठला.

सप्टेंबरच्या तपासणीला गाठ तुरीच्या दाण्याएवढी उरली होती. रक्ताचा अहवालही ठीक निघाला. आबांनी श्वेबाईंसाठी घरच्या भाजलेल्या शेंगा नेल्या होत्या. पिशवी हातात देता देता त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, ते औषध मलाही थोडं मिळेल का? एकाहत्तर झालं. जिना चढताना दम लागतो."

"आजोबा, तुम्हाला आधी खारवलेल्या भाज्या कमी करायला हव्यात."

"मग राहू दे," आबा म्हणाले.

बाहेर पडल्यावर त्यांनी बसथांब्यामागच्या दुकानात हंसाच्या मांसाच्या शेवया मागवल्या, दोघांना एकेक मोठा वाडगा, आणि वर खारवलेली मोहरीची पानं जास्तीची.