काजूच्या डिकाची मिशी

त्या शिमग्याला मी माझ्या वरच्या ओठावर काजूच्या डिकाने मिशी काढली.

डीक म्हणजे ओल्या काजूबीच्या सालीतून पाझरणारं तेल. ते अंगाला लागलं की कातडी भाजते, फोड येतो, आणि फोड सुकला की काळी खपली धरते. आमच्या सिंधुदुर्गात हे रांगत्या मुलांनाही ठाऊक असतं, कारण रांगत रांगत ती बियांपर्यंत पोचतात आणि आया ओरडतात. मी तर पदवीधर होतो, मालवणात एका कचेरीत कारकून होतो, आणि चार दिवसांनी मला मुलगी बघायला जायचं होतं.

मुलगी अशीतशी नव्हे, मीच शोधलेली. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या यात्रेत एका सुपं विकणाऱ्यापुढे ती एक सूप उलटंपालटं करत उभी होती. तो बिचारा भाव सांगत होता आणि ती विचारत होती, "पण विणूक सुरवात खंयसून केलास? पयली काडी ह्यातली खंयची?" त्याने डोकं खाजवलं. मी शेजारी उभा राहून नेमकी तीच पहिली काडी शोधत होतो. असले प्रश्न पडणारं आणखी एक माणूस जगात आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्या घरी मी काही विचारायला तोंड उघडलं की आई म्हणायची, ह्याला उत्तरं द्यायला एक माणूस पगारी ठेवायला हवा.

माझ्याबरोबर आत्या होती. माझी मान कुणीकडे वळून राहिली आहे हे तिने पाहिलं आणि नारळ फोडून देवळाबाहेर येईपर्यंत सगळी माहिती काढली. मुलगी नांदगावची, घरची काजूची बाग, वडील शेती बघतात. आणि पाडवा झाला की मुंबईचं एक स्थळ तिला बघायला येणार आहे. त्याच्या आधी आपण जाऊन यायचं, असं आत्याने ठरवलं आणि होळीनंतरचा चौथा दिवस पक्का करून टाकला. तो दिवस हुकला की मुलगी हुकली, हे तिने मला तीनदा बजावलं.

आता मिशी कशाला, तेही सांगतो. शिमग्यात आमच्याकडे रोंबाट निघतं. ढोल वाजवत, सोंगं घेऊन घरोघर जायचं, नाचायचं, लोक देतील ते खायचं. आम्हा चार मित्रांची सोंगं आमच्याच अंगणात तयार होत. पोफळीच्या झावळीचा जो रुंद पापुद्र्यासारखा देठ असतो, तो भिजवून त्याचे मुखवटे. नारळाच्या सोडणांच्या, म्हणजे वरच्या सालींच्या, दाढ्या. पुठ्ठ्याचा मुकुट, त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी. ती चांदी जमवण्यासाठी आम्ही वर्षभर एसटी स्टँडवर खाली बघत चालायचो. मुकुट माझ्या डोक्याच्या मापाचा होता म्हणून राजा मी. पहिल्या वर्षी माप घेताना चौघांत माझंच डोकं रिकामं सापडलं, असं मित्र सांगत.

राजाला मिशी हवी आणि माझ्याकडे ती नव्हती. ओठाच्या दोन टोकांना दोन लहान वाड्या आणि मधे सगळा उजाड माळ, अशी परिस्थिती. पहिल्या वर्षी काथ्याची मिशी केली आणि फणसाच्या चिकाने चिकटवली. एका घरी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, खायला बसलो. काथ्या नाकात गेला, मी शिंकलो, आणि मिशी वाटीतल्या नारळाच्या रसात जाऊन पडली. घरच्या काकींनी ती दोन बोटांनी उचलून माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "राजानू, तुमची मिशी." दुसऱ्या वर्षी करवंटीच्या कोळशाने काढली. चैत्र तोंडावर, ऊन कडक, तिसऱ्या घरापर्यंत ती हनुवटीवर उतरली आणि एका पोरीने आईला विचारलं की राजाने चुलीत तोंड कशाला घातलं.

म्हणून तिसऱ्या वर्षी मी न गळणाऱ्या, न ओघळणाऱ्या मिशीच्या शोधात होतो.

होळीच्या दोन दिवस आधी आई मागच्या पडवीत ओले काजू सोलत होती. हातांना खोबरेल तेल चोपडायचं, बी आडाळ्याच्या, म्हणजे विळीच्या, पात्यावर उभी चिरायची आणि आतला गर काडीने अलगद काढायचा. त्या गरांच्या उसळीचा वास अजून यायचा होता, पण मी आधीच वासावर जाऊन बसलो होतो. आईच्या बोटांवर, तेल लावूनही, मागच्या आठवड्याचे काळे डाग होते. मी विचारलं, हे धुतल्यावर जात नाहीत का?

"नाय," आई म्हणाली. "जाता तेव्हा कातड्यासकट जाता."

शहाण्या माणसाने या वाक्यातून एक गोष्ट घेतली असती. मी दुसरी घेतली. मी मनात म्हटलं, इतका पक्का रंग!

तरीही मी अविचारी नव्हतो, मी प्रयोग केला. केरसुणीतल्या एका हिराने, म्हणजे काडीने, थोडा डीक घेऊन अंगठ्याच्या नखावर लावला आणि गोठ्याच्या दारावर एक रेघ ओढली. सकाळी दोन्ही काळीभोर. नख दुखत नव्हतं, दारानेही काही तक्रार केली नाही. नखाला कातडी नसते आणि दार बोलत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. आणखी एक गोष्ट निसटली. डीक काळा होतो एवढंच मी पाहिलं. तो काळा व्हायला रात्र जावी लागते, हे पाहिलं नाही.

रोंबाटाच्या दिवशी मी आरसा खुंटीला टांगला आणि हिराच्या टोकाने एकेक केस काढावा तशी मिशी काढली. दोन्ही टोकांना वर झोकदार वळणं दिली. आरशात बघतो तर काहीच नाही. ओठ थोडा तेलकट, पिवळसर, भजी खाऊन तोंड न पुसल्यासारखा. मी वाट पाहिली. फुंकर मारली. दुसरा हात दिला, मग तिसरा. मित्र अंगणातून हाका मारू लागले तेव्हा मुकुट घालून तसाच निघालो. त्या वर्षीचा राजा गावाने बिनमिशीचा पाहिला. ओठ चुरचुरत होता, पण ढोलाच्या नादात मी त्याचा दोष दुपारच्या मिरचीला दिला.

मिशी आली दुसऱ्या दिवशी.

आली ती थाटात आली. लाल, टरारून फुगलेली, बारीक फोडांनी भरलेली, दोन्ही टोकांना वर वळलेली. वळणं इतकी रेखीव होती की काय झालं ते कुणाला सांगावं लागलं नाही. आईने मला पाहिलं आणि ती ओट्यावर मटकन बसली. पुढे बराच वेळ ती हसते आहे की रडते आहे ते मला ठरवता येईना. "मेल्या, माझ्यादेखत केलं असतंस तर हात तरी तोडलं असतंय तुझो," एवढं बोलली आणि कोकमाचं तूप आणायला आत गेली.

वडील शाळेत शिकवत. घरात मालवणी बोलत, पण राग आला की शुद्ध बोलू लागत. त्यांनी चष्मा पुसला, माझा ओठ पाहिला आणि म्हणाले, "आपल्या चिरंजीवांनी हौस भागवून घेतलेली दिसते." इतकं शुद्ध मी त्यांच्या तोंडून दहावीच्या गणितानंतर ऐकलं नव्हतं.

पुढे ढकलायचं म्हटलं तर पाडवा आणि मुंबईचं स्थळ. आत्या म्हणाली, जायचंच. वडील म्हणाले, मग स्टोव्हचा भडका उडाला असं सांगू. माझ्यासाठी त्यांनी आयुष्यात बोललेलं ते पहिलंच खोटं असावं, कारण त्यांना ते नीट जमत नव्हतं. दोन दिवस ते मागच्या अंगणात माडांना सांगून बघत होते.

चौथ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. तोवर लाली ओसरून खपली धरली होती, म्हणजे मिशी आता खरोखरच काळी झाली होती. एसटीत मी खिडकीशी रुमाल धरून बसलो. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता माझ्याकडे पाहिलं, रुमाल जरा सरकला तसा म्हणाला, "डीक?" मी मान हलवली. तो म्हणाला, कोकमाचं मुठेल लाव, आणि पुढे गेला. वडिलांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने खिडकीबाहेर पाहिलं. आम्ही खोटं घेऊन चाललो होतो ते काजूच्या गावात, हे तिघांनाही तेव्हाच कळलं होतं. पण दुसरं खोटं तयार नव्हतं.

नांदगावला घर बागेतच होतं. अंगणात काजूच्या बोंडांचा तो आंबूस-गोड वास, ओसरीवर बियांची रास. आम्हाला पाट दिले. मुलीच्या वडिलांनी माझा ओठ पाहिला आणि सभ्यपणे नजर माझ्या कपाळावर नेऊन ठेवली. माझ्या वडिलांनी स्टोव्ह सांगितला. माडांना सांगितला होता त्यापेक्षा जरा घाईत सांगितला. ते गृहस्थ म्हणाले, स्टोव्ह वाईटच.

तेवढ्यात ती घावणे आणि काजूगरांची उसळ घेऊन आली. ताट ठेवताना तिची बोटं दिसली. टोकांना काळी, दोन ठिकाणी साल गेलेली. मी मान वर करायचं टाळत होतो, त्यामुळे उसळीकडे बघत बसलो. उसळ तिखट होती. पहिल्याच घासाला ओठ असा पेटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि आत्याने सगळ्यांना सांगितलं की हा भावनाप्रधान आहे.

आणखी खाली बघावं म्हणून मी पाटाकडे पाहिलं. पाटाच्या कडेने काळी वेल काढलेली होती. बारीक पानं, मधे मधे कळ्या, चारही कोपऱ्यांना एकेक मोर. रंग वर बसलेला नव्हता, लाकडात मुरलेला होता. मी बोट फिरवून पाहिलं. काहीच लागेना. इथपर्यंत मी स्वतःला आवरलं होतं.

"ह्यां कशान काढल्यात?" मी विचारलं.

ती दाराशी उभी होती. "मी काढलंय," म्हणाली. "डिकान."

"पण काढताना दिसता कसा? आधी पिवळाच दिसता मा? वळणां खंय आली ता कळता कसा?"

ती दोन पावलं पुढे आली. "तुमका कसा म्हायत, पिवळा दिसता ता?"

माझ्या वडिलांचा घास हातातच राहिला. आत्या पदर नीट करू लागली. मी माझ्या आयुष्यातलं सर्वात लांब वाक्य जुळवायला घेतलं, त्यात स्टोव्ह कुठे बसवावा ते कळेना, आणि शेवटी म्हणालो, "नखार लावन बघितलंय."

"आणि मगे?"

"मगे हंय," मी ओठाकडे बोट दाखवलं.

ती माझ्या ओठाकडे बघत राहिली. हसली नाही. सूप बघावं तशी बघत होती, पहिली काडी कुठली ते शोधत. "दोन हात दिलास?"

"तीन."

"हिरान?"

"हिरान."

"टोकां बरी वळवलास," ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या वडिलांना अचानक ठसका लागला आणि ते पाणी प्यायला तिच्यामागून गेले. आतून बराच वेळ तो ठसका ऐकू येत होता. माझ्या वडिलांनी उरलेला घावणा संपवला आणि हलक्या आवाजात, शुद्धात, स्टोव्हबद्दल माझी क्षमा मागितली.

घरी परतताना मला वाईट वाटत होतं, पण एक गोष्ट त्याहून जास्त टोचत होती. मोराच्या तुऱ्यातल्या त्या केसासारख्या रेघा तिने हिराने काढल्या असतील की आणखी कशाने, हे विचारायचं राहून गेलं होतं. आणि आता मुंबईचं स्थळ ते विचारणार नव्हतं.

खपल्या पडल्या त्या पाडव्याच्या दोन दिवस आधी. खालून नवी कातडी आली ती कोवळी, गुलाबी, आणि अर्थात मिशीच्याच आकाराची. पाडव्याला मी गुढीची काठी धरून उभा होतो, आई वर तांब्या बसवत होती, आणि शेजारीपाजारी गुढी सोडून मला बघत होते. तेवढ्यात आत्या फाटकातून आली. हातात फडक्यात बांधलेला नवा पाट होता. नांदगावहून पाठवलाय, म्हणाली. पाटावर डिकाची वेल होती आणि मधोमध, मोराच्या जागी, एक मुकुट. मुकुटाखाली झोकदार मिशी. राजाचं सोंग आत्यानेच तिथे सांगितलं असणार.

आईने तांब्या तसाच हातात धरून विचारलं, काय म्हणाली ती?

आत्याने आधी पाणी मागितलं. सावकाश प्यायली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हो म्हणता. मिशी काय ह्येका येवची नाय, अक्कल तरी येता काय ता बघूया म्हणता."