गोमाबाईचा पंजा

खडकपिंपरीच्या देवळात भर दुपारीसुद्धा गारवा असतो. चर्चला इथं सगळे देऊळच म्हणतात. नव्वद वर्षांचं काळ्या दगडाचं बांधकाम. पहिल्या बाकावर रिबकाबाई भिंगारदिवे पाय वर घेऊन बसल्यात. तो बाक त्यांचाच. दारातल्या कोनशिलेवर त्यांच्या सासऱ्याचं नाव कोरलंय, मग दुसरं कोण बसणार? चार वाजता रंगारी येऊन त्या नावात काळा रंग भरणार आहे.

"बाई," झाडणारी शालन पातोळे हळूच म्हणते, "माझी आजीबी ह्या भिंतीला राबली म्हणत्यात. तिचं नाव बाजूला घातलं तर?"

"तुझी आजी? कालपरवा आलेली माणसं तुम्ही. फडकं नीट पिळ आधी."

शालन फडकं घेऊन बाहेर जाते. रिबकाबाई डोळे मिटतात. घटकाभर.

"सूनबाई, सरक जरा."

मामंजी! जाऊन एकोणतीस वर्षं झाली, तरी तोच काळा कोट, कानावर तीच पेन्सिल. रिबकाबाई झटकन पदर डोक्यावर घेतात. वर बघतात तर छप्परच नाही. भिंती कमरेइतक्या. बाकांच्या जागी चुन्याची घाणी आपोआप फिरतेय, चुन्यात कालवलेल्या गुळाचा आणि हिरड्याचा वास सुटलाय.

"मामंजी, आज तुमचं नाव उजळतंय."

"खोडायला लाव."

"काय म्हणालात?"

"मिशनचा साहेब म्हणाला, ज्यांनी बांधलं त्यांची नावं लिहून दे. लिहिता येणारा मी एकटा. माझं लिहिलं. गोमाबाई पातोळेचं नाही लिहिलं."

"शालनची आजी?"

"सगळा चुना तिनं वाहिला. घंटेच्या बुरुजाच्या परांचीवरून पडली. पुढच्या रविवारी तिचा बाप्तिस्मा व्हायचा होता. बाप्तिस्मा नाही तर दगडावर नाव कसं, असं मीच साहेबाला म्हणालो. आपल्या दफनभूमीतही घेऊ दिली नाही. तिचं तान्हं पोर मामानं परगावी नेलं."

"मग पुरली कुठं?"

मामंजी चालू लागतात. देवळाच्या उंबऱ्यातून पाऊल पडतं ते थेट रिबकाबाईंच्या परसात. शेळ्या रवंथ थांबवून माणसांसारख्या बघतायत. मामंजी दावणीच्या खुंट्याकडं बोट करतात.

"इथं? अहो, साठ वर्षं मी इथं शेळ्या बांधते! लेंड्या पडतात इथं!"

"ठाऊक होतं."

"आणि तुम्ही समोर खाट टाकून बसत होता? रविवारी आम्हाला उपदेश करत होता?"

"होय, सूनबाई."

उभ्या जन्मात त्यांनी सासऱ्यांपुढं आवाज चढवला नव्हता. आज चढला, तशा त्या मागं सरतात. आधाराला म्हणून त्या परसाची भिंत धरतात, तर ती देवळाची भिंत असते, वेदीमागची. गिलावा ओला. त्यात बाईमाणसाचा पंजा उमटलाय, लहानसा, पाची बोटं फाकलेली.

"पडायच्या आधी हात टेकला होता तिनं," मामंजी म्हणतात. "थापी घेऊन पुसायला गेलो. हात उठला नाही. ठेव तुझा."

जन्मात चुन्याला न शिवलेला हात रिबकाबाई त्या पंज्यावर ठेवतात. गार लागतं.

आतून कुणीतरी हात घट्ट धरतं.

"बाई! बाई, उठा! रंगारी आलाय."

छप्पर जागेवर आहे. शालन वाकून बघतेय, दारात रंगारी डबा हलवतोय.

"नाव एकच ना, आजी?" रंगारी विचारतो.

"हाताला चुना कुठला लागला, बाई?" शालन म्हणते. "इथं तर सगळा ऑइलपेंट."

रिबकाबाई तळहात बघतात. पांढराफटक, अजून ओला. शालन फडकं पुढं करते. त्या हात मागं घेतात.

"नको. पुसायचा नाही." मग रंगाऱ्याला, "ते नाव राहू दे तसंच, रंग नको भरू. ही सांगेल ते दुसरं लिहून घे. गोमाबाई. मोठं काढ."

"बाई, काय झालं?"

"तू बस ह्या बाकावर. बस म्हणते ना!" रिबकाबाई भिंत धरून उभ्या राहतात. "मी शेळ्या सोडून येते."