गटारीवरचा वीर

कोरियाहून आल्यापासून प्रयागबाईंचं डोकं फिरलंय, यावर वाडीचं एकमत झालं होतं. बोरी बुद्रुकच्या शिवेवरच्या त्या वाडीत एकमत होणं ही रोजची गोष्ट नव्हे.

त्यांची लेक आरती चाकणच्या एका कोरियन कंपनीत इंजिनियर. कंपनीनं तिला सहा महिने तिकडं धाडलं आणि तिनं आईला पंधरा दिवस बोलावून घेतलं. बाईंनी सोबत बाजरीचं पीठ नेलं, परमुलखाचा काय भरवसा. एका रविवारी आरतीनं त्यांना हेंगजू नावाच्या किल्ल्यावर नेलं. शिवनेरी चढलेल्या बाईंना तो किल्ला वावराच्या बांधाएवढा वाटला.

"एवढ्यासाठी बस बदलून आणलंस व्हय?"

पण सेनापतीच्या पुतळ्यामागं एक कोरीव भिंत होती, तिथं त्यांचे पाय थबकले. भिंतीवर बाया होत्या. ओच्यात दगडगोटे भरून तटाकडं निघालेल्या. आरतीनं सांगितलं, चारशे वर्षांपूर्वी जपानी फौज चालून आली, बाण संपले, तेव्हा ह्या बायांनी दगड पुरवले, असं इथले लोक सांगतात. बाईंनी चाळीस वर्षं वावरातले गोटे असेच ओच्यात वेचले होते. तेवढ्यात एक म्हातारा शेजारच्या, त्या सेनापतीच्या देवळासमोर कंबरेत वाकला.

"ह्याचं कोण लागतंय गं ते?"

"कुणीच नसंल. लढले म्हणून."

टेकडी उतरल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "आरते, आपला वीर कुठाय?"

वीर म्हणजे वाडीच्या वेशीतला वीरगळ, लढून मेलेल्याचा कोरीव दगड. कोण्या काळी गुरं पळवणाऱ्यांना आडवा गेलेला गडी, खाली ढाल-तलवार, वर स्वर्गात बसलेला. लग्नाच्या आधी नवरदेवानं त्याच्यापुढं नारळ फोडायचा, ही पद्धत. दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला तेव्हा दगड 'बाजूला' ठेवला गेला. त्यानंतरचे नवरदेव बँडबाजासह यायचे आणि रिकाम्या जागेवर नारळ फोडून जायचे. दगड कुठाय, हे कुणी विचारलं नाही. नारळ मात्र कधी चुकला नाही. खुद्द बाई दोनदा ओवाळणीचं ताट धरून तिथं उभ्या राहिल्या होत्या.

परत आल्या त्याच दिवशी त्यांनी देऊळ पाहिलं, शाळेमागं पाहिलं. मग संपत मेंबरला गाठलं.

"संपत, वीर कुठाय?"

"काकू, आधी कोरियाचं सांगा. तिकडं चपात्या मिळत्यात का?"

"वीर कुठाय?"

संपतनं मान खाजवली. "तुमच्याच दारात हाय की. गटारीवर. तुमीच म्हन्ला, पाय घसरतोय, कायतरी फरशी टाका. चांगला सपाट दगड दुसरा न्हवता. पालथा टाकलाय, म्हणून वळखू आला न्हाई."

दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ त्याच्या पाठीवरून बाई दूध घालायला जात होत्या. शेजारीच, खांबावर, संगमरवराची पाटी चकाचक उभी होती: बंदिस्त गटारीचं उद्घाटन, खाली सात नावं, पहिलं संपतचं. वीर पालथा पडला तरी चालंल, मेंबराचं नाव उताणं पाहिजे, असं काहीसं त्या पुटपुटल्या. नेमके शब्द छापण्याजोगे नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुतण्या आदेशचं लग्न. बँड वाजवत नवरदेवाची मिरवणूक वेशीकडं निघाली, तर बाई ठेवणीतलं लुगडं नेसून वाटेतच, दारातल्या गटारीवरच्या दगडाशेजारी बसलेल्या.

"काकू, मुहूर्त टळतोय राव," आदेश रडकुंडीला आला.

"टळू दे. रिकाम्या मातीला नारळ फोडून कुणाचा आशीर्वाद घेतोस? बँडवाल्याचा?"

"लग्न झाल्यावर काढू," संपत म्हणाला. "शब्द देतो."

"तुझा शब्द संगमरवरावर हाय. हा दगड गटारीवर हाय. आधी पहारी आणा."

बँड थांबला. नवरीकडचे पावणे घड्याळं पाहू लागले. शेवटी आदेशनंच फेटा काढून भावाच्या हातात दिला आणि पहार धरली. पाचजण लागले. दगड उलटला तेव्हा चिखल होता; बाईंनी कळशीभर पाणी ओतलं. पालथा होता म्हणून वीराचं नाक शाबूत होतं. उघड्यावरच्या देवांची नाकं तेवढी राहत नाहीत.

वेशीत खड्डा घेऊन दगड उभा केला. नारळ फुटला, बँड सुरू झाला.

"काकू, आता तुमच्या गटारीवर काय टाकू?" संपतनं टोमणा मारला.

बाईंनी संगमरवरी पाटीकडं बोट केलं. "ती सपाट हाय."

संपत हसला नाही. पाटी अजून खांबावरच आहे. गटार उघडी आहे, आणि साठीच्या प्रयागबाई रोज सकाळी दुधाची किटली सावरत, कासोटा आवरून तिच्यावरून उडी मारतात. कुणी हात दिला तर घेत नाहीत.